शेठजी, तुमचा धंदा काय?

नागपूरचं बोलणं बोलणारी एक श्रीमंत बाई मराठी टीव्हीवर होऊन गेली. राधिका सुभेदार. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका २०१६ ते २०२१ अशी चालली, त्यामुळे ती कोण हे सांगायची गरज नाही. माहेर नागपूर, संसार मुंबईत, नवरा दुसरीच्या नादी लागलेला आणि हाताला चव. या चवीच्या जोरावर राधिकानं मसाले करायला घेतले आणि पुढे ती ३०० कोटींच्या कंपनीची मालकीण झाली. त्यावर लोक पोटभर हसले, फोनवर विनोद फिरले. आकडा फारच फुगवलाय, एवढाच सगळ्यांचा आक्षेप होता.

मला आकड्याचं काही वाटलं नाही. माझं पोट दुसऱ्यांच्या किर्द-खतावण्या लिहिण्यावर चालतं. नागपुरातल्या इतवारी आणि मस्कासाथच्या दुकानांत बसून मी इतकं नक्की सांगू शकतो की मसाल्यात पैसा आहे. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मला आमच्या शेजारच्या काकूंनी सुचवली. काकू नागपुरातल्या नंदनवन वस्तीत स्वतःच्या घरी उन्हाळाभर कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या आणि तिखट-मसाला करून विकतात. मालिकेत ते ३०० कोटींचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि मला म्हणाल्या, "बरं, मिरची कुठून घेऊन राहिली ही? भिवापुरी का गुंटूरची?"

मी म्हटलं, ते काही दाखवलं नाही.

"मंग देठ कोण खुडून राहिलं? एवढं तिखट कुटून राहिले, अन् त्या घरात एक माणूस शिंकत नाई! साड्या पाय ना तिच्या. माह्या हाताची आग तीन दिवस जात नाई, तेल लावा का ताक लावा."

मग मला हिशेबाची खुमखुमी आली. ३०० कोटी ही वर्षाची विक्री धरली आणि मसाल्याचा सरासरी भाव किलोला ५०० रुपये लावला, तर वर्षाला ६० लाख किलो माल होतो. म्हणजे ६ हजार टन. वर्षाचे ३०० दिवस काम चाललं तर रोजचे २० टन. दहा टनांचे दोन ट्रक रोज सकाळी दारातून निघायला हवेत आणि तेवढाच कच्चा माल आत यायला हवा. त्यातली एक तृतीयांश मिरची धरली, तरी तिचे देठ खुडायला किती बाया लागतील? भिवापूर, मांढळ, नागभीडच्या पट्ट्यात मिरचीचे सातरे असतात. ढीग घालून, तोंडाला फडकं बांधून बाया दिवसभर देठ खुडतात आणि किलोवर मजुरी घेतात. राधिकेच्या ३०० कोटींखाली असे किती सातरे उभे असतील! त्यातली एक बाईसुद्धा मला मालिकेत दिसल्याचं आठवत नाही.

तर तक्रार अशी. आपल्या लोकप्रिय गोष्टींमध्ये श्रीमंती भरपूर असते, फक्त ती कुठून येते ते नसतं. बंगला असतो, धंदा नसतो. खर्चाच्या नोंदी पानभर आणि जमेची बाजू कोरी. अशी वही घेऊन कोणी माझ्याकडे आला तर मी ती परत करतो. आणि गोष्ट म्हणून मात्र आपण तीच वही वर्षानुवर्षं कौतुकानं वाचतो आहोत. श्रीमंत पात्रं दुष्ट दाखवावीत किंवा देवमाणूस दाखवावीत, असा माझा काही आग्रह नाही. त्यांचा धंदा दाखवा. राधिकेचं निदान मसाले हे उत्तर तरी होतं, म्हणून तिच्यावर मी तेवढा रागावलेलो नाही. बाकीच्यांचं तेही नाही.

पूर्वी असं नव्हतं. १९५७ च्या 'मदर इंडिया'मधला सुखीलाला आठवा. तो श्रीमंत कसा, हे पडद्यावर पैशा-पैशानं मांडलेलं आहे. कर्ज ५०० रुपयांचं, व्याज म्हणून पिकाचा तीन चतुर्थांश भाग, आणि वही त्याच्या हातात, कारण समोरच्याला वाचता येत नाही. सगळी गोष्ट त्या वहीवर उभी आहे. मराठीत 'सामना' आला. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन आणि निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना, सहकार, सत्ता आणि माणसं विकत घेण्याची हातोटी, सगळं समोर. त्या सगळ्या वैभवाच्या मधोमध उभा राहून डॉ. लागूंचा मास्तर एकच प्रश्न लावून धरतो: मारुती कांबळेचं काय झालं? लोक हा प्रश्न अजून म्हणीसारखा वापरतात. श्रीमंत माणसाला विचारावा असा तो नेमका प्रश्न आहे, म्हणूनच तो टिकला असावा. हिंदुराव नुसता खलनायक नाही, तो हुशार आहे, दिलदारही आहे. पण तो ज्यावर उभा आहे ते आपल्याला दिसतं, त्यामुळे त्याच्याविषयी काय वाटायचं ते आपण आपलं ठरवू शकतो.

मग नव्वदचं दशक आलं आणि सावकार पडद्यावरून गेला. त्याच्या जागी आला उद्योगपती, जो कशाचा उद्योग करतो हे कुणी विचारत नाही. २००१ चा 'कभी खुशी कभी गम' हा त्याचा कळस. रायचंद कुटुंब काय विकतं? मी दोनदा पाहिला, दोन्ही वेळा कळलं नाही. हेलिकॉप्टर मात्र अंगणात उतरतं. त्यात दिल्लीतलं म्हणून जे घर दिसतं, ते बाहेरून इंग्लंडमधलं वॅडेसडन मॅनर आहे. फर्डिनांड द रॉथशिल्ड यानं १८७४ पासून ते बांधलं. रॉथशिल्ड म्हणजे युरोपातल्या राजांना आणि सरकारांना कर्जं देऊन वाढलेलं पेढीवाल्यांचं घराणं. म्हणजे बघा, घर खऱ्या सावकाराचं, त्याचा इतिहास छापील, आणि चित्रपटानं त्या घराची दर्शनी भिंत तेवढी उचलली. आपल्या पडद्यावरच्या श्रीमंतीचं याहून नेमकं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

मराठी मालिकांनी हाच रस्ता धरला, फक्त हेलिकॉप्टर परवडलं नाही म्हणून मोठा जिना बांधला. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये गोखले गृह उद्योग होता. नावावरून धंदा कळत होता, ही जमेची बाजू. पण आठवतात त्या सहा सासवा. 'माझी तुझी रेशीमगाठ'चा यश चौधरी कंपनीचा मालक, आणि मालकाचं मुख्य काम म्हणजे आपण मालक असल्याचं नायिकेपासून लपवणं. सगळ्यांत गमतीचा प्रकार 'तुला पाहते रे'चा, २०१८-१९ चा. विक्रांत सरंजामे हा मोठा उद्योजक, साधेपणानं राहणारा, वयानं निम्म्या मुलीच्या प्रेमात पडणारा. महाराष्ट्र त्याच्यावर भाळला. पुढे कळलं की हा मुळात गजा पाटील, आणि सगळं साम्राज्य पहिल्या बायकोच्या घरचं. बळकावलेलं, तेही तिचा जीव घेऊन. ते उघड करायला तिला पुनर्जन्म घेऊन यावं लागलं! एका मराठी मालिकेनं संपत्तीचं मूळ विचारायची हिंमत केली, हे मी मान्य करतो. पण उत्तर काय, तर खून आणि पुनर्जन्म. मधलं काहीच नाही. उधारी नाही, बँकेचं लिमिट नाही, टेंडर नाही, भागीदाराशी वाजलं नाही, कामगारांचा बोनस थकला नाही. म्हणजे पैसा एकतर आभाळातून पडतो किंवा रक्तातून येतो. आमच्या इतवारीत बसून पाहावं, तो बहुतेक वेळा उधारीतून येतो.

जाता जाता एक. मालिकेत गरीब माणूस बोलीत बोलतो आणि श्रीमंत माणूस पुस्तकात. राधिका नागपुरी बोलायची हा तिच्या भोळेपणाचा पुरावा म्हणून ठेवलेला होता. खऱ्या नागपुरात कोटी-दोन कोटींचा सौदा "काय म्हणता भाऊ, पाहू न मंग" एवढ्या शब्दांत होतो, आणि तिथे भोळं कोणी नसतं.

आता कोणी म्हणेल, अहो, ही करमणूक आहे, गोष्टीत कोण ताळेबंद मांडतं? मांडतात. तेही लहान मुलांच्या गोष्टीत, आणि नायक माणूससुद्धा नाही, बदक.

अंकल स्क्रूज आमच्या पिढीनं नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी हिंदीतून पाहिला. सोन्याच्या नाण्यांत सूर मारणारा, टोपीवाला, कवडीचुंबक बदक. कार्ल बार्क्स या चित्रकारानं त्याला १९४७ मध्ये एका नाताळच्या गोष्टीसाठी जन्माला घातलं. 'फोर्ब्स' मासिक अनेक वर्षं काल्पनिक श्रीमंतांची यादी काढायचं. २०१३ च्या यादीत स्क्रूज ६५.४ अब्ज डॉलरसह पहिला होता. ही यादी थट्टेचीच, पण हिशेब सोन्याच्या आणि शेअरच्या खऱ्या भावांवर बेतलेला असायचा. दुसऱ्या नंबरावर होता 'द हॉबिट'मधला, सोन्याच्या ढिगावर झोपणारा ड्रॅगन, स्मॉग. त्यानं ते सोनं बुटक्यांच्या डोंगरातल्या राज्यातून लुटलं, हे गोष्टीत स्वच्छ सांगितलेलं आहे. ड्रॅगनच्या सोन्याचा उगम आपल्याला ठाऊक आहे आणि रायचंदांचा नाही!

स्क्रूजकडे परत येऊ, कारण त्याची गोष्ट खरोखर बारकाईनं पाहण्यासारखी आहे. डॉन रोझा यानं १९९२ ते १९९४ या काळात त्याचं बारा प्रकरणांचं चरित्र चित्रकथेत मांडलं. सुरुवात ग्लासगोची, साल १८७७. दहा वर्षांचा स्क्रूज रस्त्यावर बूट पॉलिश करायला बसतो. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे चर खणणारा मजूर. त्याच्या बुटांवर चिखलाचे थर. पोरगा घाम गाळून ते साफ करतो आणि मोबदला म्हणून त्याला अमेरिकन नाणं मिळतं, जे स्कॉटलंडमध्ये चालत नाही. फसवणूक. ते नाणं तो जन्मभर जपतो. पुढे मिसिसिपीवरची बोट, गुरं हाकणं, तांब्याची खाण, दक्षिण आफ्रिका, अनेकदा हात पोळणं आणि शेवटी क्लोन्डाइकच्या बर्फातलं सोनं. पैसा कुठून आला हे पानापानावर दिसतं.

पण मला त्या चरित्रातलं पुढचं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. श्रीमंत झाल्यावर स्क्रूज आफ्रिकेत जातो. तिथल्या एका टोळीची जमीन त्याला हवी असते. ते देत नाहीत, तेव्हा तो गुंड घेऊन जातो आणि गाव उद्ध्वस्त करतो. आपण आतापर्यंत सगळं सचोटीनं कमावलं, ही त्याची फुशारकी त्या दिवशी संपते. सोबत आलेल्या बहिणी त्याला सोडून जातात. लहान पोरांसाठी काढलेल्या चित्रकथेत हे आहे. ते वाचूनही पोरांचं स्क्रूजवरचं प्रेम कमी होत नाही, उलट तो जास्त कळतो. कष्टाचा रुपया आणि बळकावलेला रुपया एकाच तिजोरीत पडलेत, आणि तिजोरीचा मालक ते दोन्ही ओळखून आहे. आपल्या रात्री आठच्या उद्योगपतीच्या वाट्याला एवढं मन कोणी दिलेलं नाही. अमेरिकन सुपरहिरोंमध्येही टोनी स्टार्कचं असंच आहे. तो शस्त्रं विकून श्रीमंत झालेला आणि २००८ चा 'आयर्न मॅन' सुरूच होतो तो त्याची शस्त्रं त्याच्याच छातीपर्यंत पोचतात तिथून. बॅटमनचा ब्रूस वेन त्या मानानं आपल्याकडचा वाटतो. बापाचा पैसा, मोठं घर, रात्रीची समाजसेवा.

१८७७ सालाशी आमचंही नातं आहे. त्याच वर्षी १ जानेवारीला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्या दिवशी, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस आसपास, कोळसा वरोऱ्याला, रेल्वे दहा वर्षांपूर्वी पोचलेली. असं सगळं पाहून त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं. जागा मिळाली ती जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. भराव टाकायला सुरुवात झाली, तेव्हा इथल्या एका पेढीवाल्यानं मातीत पैसा घालणाऱ्याला कर्ज द्यायला नकार दिला. मिल चालली आणि मग तोच म्हणाला, टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं. हा किस्सा टाटांच्या चरित्रांतून नेहमी येतो. मिलनं १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला. शंभरेक वर्षांनी मिल डबघाईला आली, १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिथे आता एम्प्रेस सिटी मॉल आहे. पेढीवाला, भराव, कापूस, भोंगा, टाळेबंदी, मॉल. पाच पिढ्यांची मालिका आयती पडलेली आहे आणि तिच्यात पुनर्जन्म लागत नाही.

दुसरं नाव डी. लक्ष्मीनारायण यांचं. कामठीचे रावबहादूर, मँगनीजच्या खाणींवर मोठे झालेले. १९३० मध्ये गेले, जाताना मोठी संपत्ती तंत्रशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला देऊन गेले. त्यातून १९४२ मध्ये अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. खाणीतला पैसा आणि प्रयोगशाळेतला पैसा यांच्यामध्ये एक माणूस उभा आहे. त्याला झोप येत असेल का, खाणीत कोण खणत होतं, वारसांना काय वाटलं असेल, हे सगळं कादंबरीकाराचं काम. ते कोणी अंगावर घेतलेलं मला माहीत नाही.

विदर्भ गोष्टींमध्ये येतो तो कर्जबाजारी शेतकरी म्हणून. ते दुःख खरं आहे आणि त्यावर लिहिलंच पाहिजे. पण त्या शेतकऱ्याचा कापूस ज्यानं घेतला, जिनिंग ज्याचं होतं, बियाणं ज्यानं उधारीवर दिलं, तोही विदर्भातलाच असतो आणि नागपुरात रामदासपेठेत नाहीतर धरमपेठेत राहतो. तो कधी पडद्यावर येत नाही. शेतकरी विदर्भाचा आणि श्रीमंत मुंबई-पुण्याचा, अशी वाटणी होऊन बसली आहे. त्यामुळे गरिबीसुद्धा आपोआप उगवल्यासारखी दिसते, पावसाच्या लहरीवर. श्रीमंतीचं मूळ झाकलं की गरिबीचंही झाकलं जातं, कारण बऱ्याचदा ते एकाच वहीच्या दोन बाजूंना असतं.

अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये रंगभूमीवर आलं. विदर्भातल्या खेड्यातलं देशपांडे घराणं, वडील गेलेत, तेराव्याला गावजेवण घालायचं तर पैसे कुठून आणायचे. अंगणात ट्रॅक्टर गंजत उभा. घरात दागिन्यांचा डबा. वहिनी रात्री एकटीच ते सगळे दागिने अंगावर घालते, आणि पुढे घरातलीच पोरगी ते घेऊन पळून जाते. या नाटकात सोन्याला वजन आहे. ते कोणाचं, कोणाकडे, कधी मोडायचं, मोडलं तर काय उरेल, हे प्रत्येक पात्राच्या डोक्यात चालू असतं. श्रीमंतीबद्दल लिहायचं म्हणजे हे. एलकुंचवार नागपुरात राहूनच लिहीत आले, म्हणजे हवापाण्याचा दोष नाही.

"दिवसभर हिशेबच करतो, रात्री तरी स्वप्न पाहू दे" हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. थकून आलेल्या माणसाला सातरा दाखवू नये, झुंबर दाखवावं. खरंय. झुंबर मलाही आवडतं. पण आमच्या शहरातली माणसं फुरसतीत कशावर बोलतात ते ऐका. कळमन्यात संत्र्याची आवक किती झाली, अडत्यानं काय कापून घेतलं, मानेवाड्याला स्क्वेअर फूट काय चाललंय, अमक्यानं हिंगण्याच्या एमआयडीसीतलं युनिट कोणाला विकलं, त्याचं पेमेंट कुठे अडकलं. लग्नाच्या पंगतीतही तेच. धंद्याच्या गोष्टीत लोकांना रस नाही, हे कोणी परस्पर ठरवलं? काकू त्या रात्री आवाज बारीक करून जे बोलल्या, ते मालिकेपेक्षा जास्त रंगलं होतं. प्रेक्षक तयार आहे. लिहिणाऱ्याला धंदा माहीत नाही, किंवा माहिती काढायला वेळ नाही, असा माझा संशय आहे. रोज एक भाग द्यायचा म्हटल्यावर मिरचीचा भाव विचारायला भिवापूरला कोण जाणार?

आणि हे केवळ गोष्टीपुरतं राहत नाही. स्थळ बघताना गरीब घरच्या मुलाला आपण पगाराची स्लिप मागतो. श्रीमंत घरचं स्थळ आलं की "त्यांचं खूप आहे" एवढं पुरतं. खूप आहे म्हणजे काय, कशातलं, कोणाच्या नावावर, कर्ज किती? विचारायला लाज वाटते, जणू श्रीमंताला धंदा विचारणं हा उद्धटपणा. दामदुप्पट देणाऱ्या योजना याच लाजेवर चालतात. मोठी गाडी, मोठं ऑफिस, हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार, आणि स्टेजवरचा माणूस सांगतो की श्रीमंती हा विचारांचा प्रश्न आहे. खाली बसलेल्यांत निवृत्त शिक्षक असतात, बँकेतून रिटायर झालेले असतात. आयुष्यभर आकडेमोड केलेली माणसं. दर महिन्याला इतके टक्के देणार तर तुम्ही नेमकं काय विकता, हे कोणी विचारत नाही. मालिका पाहून त्यांनी पैसे गुंतवले, असला आरोप मी करणार नाही. पण धंदा न विचारण्याची सवय दिवाणखान्यात रोज घोटली जाते, एवढं मला दिसतं.

श्रीमंत पात्राचा स्वभाव लेखक बायको, आई आणि प्रेयसी यांच्याशी त्याचे संवाद लिहून उभा करतात. मी वह्या पाहतो, मला स्वभाव दुसरीकडे दिसतो. लहान पुरवठादाराचं बिल हा माणूस किती दिवसांनी देतो? कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. मोठा माणूस शंभर दिवस लावतो आणि वर पोऱ्याला चहा सांगायला लावतो. एमआयडीसीतला छोटा कारखानदार चहा पिऊन परत येतो, कारण पुढची ऑर्डरही तिथूनच यायची असते. वीस तारखेला त्याला जीएसटी मात्र भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. यात नाट्य नाही असं ज्याला वाटतं, त्यानं महिन्याच्या एकोणीस तारखेला हिंगण्यात चक्कर मारावी.

तेव्हा नागपूरचा श्रीमंत लिहायचाच असेल तर मी एक पात्र सुचवतो. ले-आउटवाला. या शहराचा निम्मा विस्तार त्यानं केलाय. '५७२' आणि '१९००' हे आकडे उच्चारले की नागपूरकराला गणित आठवत नाही, सुधार प्रन्यासनं, म्हणजे शहराच्या विकास संस्थेनं, नियमित करायला घेतलेले ले-आउट आठवतात. त्याच्या धंद्याची सुरुवात अगदी कमी भांडवलात होते. बेसा किंवा हुडकेश्वरकडे एक शेत बघायचं, शेतकऱ्याला इसार द्यायचा, इसारचिठ्ठी करायची. खांब रोवायचे, फलक लावायचा, मंदिराची जागा दाखवायची. नोकरदारांना हप्त्यानं प्लॉट विकायचे आणि त्यांच्या हप्त्यांतून शेतकऱ्याचं देणं फेडायचं. सगळं वेळेवर जमलं तर तिघांचंही भलं होतं, आणि अनेकदा झालंय. या शहरातल्या हजारो कारकुनांना स्वतःचं घर त्यामुळेच मिळालं. नाही जमलं तर शेतकऱ्याचे पैसे राहतात, प्लॉटवाला आर.एल. साठी, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी, सुधार प्रन्यासच्या चकरा मारतो आणि मधला माणूस पुढच्या शेताचा इसार देऊन मोकळा होतो. तो माणूस देव नाही, राक्षस नाही. गणपतीला वर्गणी सगळ्यात मोठी त्याची, भाचीच्या लग्नाला हात सैल, स्वतः मात्र तर्रीपोहे खाऊन दिवस काढणारा.

पहिल्या भागात बंगला दाखवा, माझी हरकत नाही. जिनाही ठेवा. दुसऱ्या भागात त्याच्या मुलाचं स्थळ बघा, मुलगी प्लॉटधारकाची असू द्या, म्हणजे वाहिनीवाल्यांचीही सोय होईल. तिसऱ्या भागात शेतकऱ्याचा पोरगा त्याच्या ऑफिसात येऊन बसतो, राहिलेले पैसे मागायला. शेठ आतच आहे. बाहेरचा माणूस सांगतो, "साहेब साइटवर गेले, उद्या या." इथून पुढचं लिहायला नागपुरात लेखक पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी त्या ऑफिसाबाहेरच्या बाकावर स्वतः दोन-दोन तास काढलेले आहेत.